उतू न जाणारं दूध

दूध वर आलं, पातेल्याच्या काठाला लागलं आणि तिथून मुकाट्यानं खाली बसलं. विजेची शेगडी बारीक आवाजात एकदा किणकिणली, तिच्यावरचा तांबडा दिवा हिरवा झाला आणि सगळं गप्प झालं.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या वस्तीवरची सगळी माणसं, म्हातारे, लेकुरवाळ्या, कडेवरची पोरं, एकमेकांच्या खांद्यावरून त्या पातेल्यात डोकावत होती. धोंडाबाईंचं कुंकवात बुडवलेलं बोट हवेतच थांबलं होतं. घरभरणीला नव्या चुलीवर दूध उतू गेलं की घरानं माणसाला 'ये' म्हटलं, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण उतू गेलंच नाही तर घर काय म्हणतं, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तसं कधी झालं नव्हतं. दूध उतू घालायला काही अक्कल लागत नाही. चुलीवर ठेवायचं आणि बघत बसायचं, ते आपल्या पायानं बाहेर येतं.

"पुन्यांदा लाव," धोंडाबाई म्हणाल्या.

प्रगतीनं पुन्हा लावलं. दूध वर आलं, काठाला लागलं, खाली बसलं. पुन्हा ती किणकिण.

"आजी, ह्याच्यात सेन्सर आहे," प्रगती घाईघाईनं म्हणाली. "उकळी यायच्या आत तो आच कमी करतो. वीज वाया जाऊ नये म्हणून. सगळी इमारत सोलरवर आहे ना आपली, म्हणून प्रत्येक घराचा लोड ठरवून दिलाय, त्या लोडमध्ये..."

तिचं बोलणं तिलाच ऐकू येईनासं झालं, इतकी मागं कुजबुज वाढली. धोंडाबाईंनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदाही दूध वर येऊन, जरा इकडंतिकडं बघून, माघारी गेलं. चौथ्यांदा लाव असं कुणी म्हणालं नाही.

म्हातारीनं बोटावरचं कुंकू पदराच्या टोकाला पुसलं. "घर न्हाई म्हणतंय," एवढंच बोलली आणि उंबऱ्याबाहेर पडली. तिच्या मागं तिचा मुलगा म्हादू, म्हादूच्या मागं त्याची बायको, मग बाकीची पाच घरं, मग पोरं, अशी ती रांग आली तशी डोंगराच्या वाटेला लागली. पटांगणात लापशीचं पातेलं वाफाळत होतं. त्याच्याकडं एका पोरानं मान वळवून पाहिलं, तर आईनं त्याचा दंड धरून पुढं ओढला.

प्रगती त्या रिकाम्या खोलीत शेगडीकडं बघत उभी राहिली. तिला वाटलं, ही उचलावी आणि विहिरीत टाकावी.

आता ही खोली म्हणजे वाघदऱ्याच्या जुन्या शाळेतला पूर्वीचा तिसरीचा वर्ग. विंझरवरून वेल्ह्याकडं जाताना डाव्या हाताला आत वळलं की वाघदरे लागतं, आणि गावात शिरायच्या आधी ही शाळा लागते. भोर संस्थानच्या काळातली, काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, वर मंगलोरी कौलं आणि हत्तीच्या पायाएवढ्या सागवानी तुळया. प्रगतीचे वडील इथं आयुष्यभर मास्तर होते. पोरं कमी झाली, पट घसरला, मग एक दिवस उरलेल्या पोरांना विंझरच्या शाळेत पाठवून इथं कुलूप लागलं. कुलपाला गंज चढला, मागच्या भिंतीत पिंपळ उगवला आणि गावातल्या शहाण्यासुरत्या मंडळींना ती जागा फार्महाऊसच्या प्लॉटिंगसाठी फार सोयीची दिसू लागली.

त्याच सुमाराला वरच्या वस्तीच्या मागच्या कड्याला भेग पडली. ही वस्ती मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्या सहा घरांची, पिढ्यान् पिढ्या डोंगराच्या कुशीला चिकटून बसलेली. दोन पावसाळ्यांमागं वस्तीच्या शेजारचा डोंगराचा एक तुकडा सरकून ओढ्यात गेला. नशीब, तिथं माणूस नव्हतं. मग साहेबलोक आले, त्यांनी भिंतींवर तांबड्या फुल्या मारल्या, 'घरं खाली करा' म्हणून कागद दिले आणि खाली करून जायचं कुठं, हे सांगायला विसरून जीपमध्ये बसले.

प्रगती भोरला राहते आणि पुण्यात एका वास्तुविशारदाकडं काम करते. म्हणजे करत होती. ही शाळा आणि ती वस्ती तिच्या डोक्यात एकत्र आली आणि त्या दिवसापासून तिच्या आयुष्याचं जे भजं झालं ते अजून झालेलंच आहे. ग्रामपंचायत म्हणाली तहसीलला विचारा. तहसील म्हणालं शिक्षण खात्याला विचारा. शिक्षण खातं म्हणालं, इमारत जुनी आहे, पुरातत्त्ववाल्यांना विचारा. पुरातत्त्ववाले म्हणाले एवढी काही जुनी नाही. एवढी जुनी नाही असं लिहून द्या म्हटलं, तर त्यांना लिहून द्यायला वर्ष लागलं.

पण केलं तिनं. शाळेच्या सहा वर्गांची सहा घरं केली. दगडी भिंतींना हातही लावला नाही, कारण त्या उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार राहतात, हे लहानपणी त्या भिंतींना पाठ लावून बसलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. कौलांखाली ऊन अडवणारा जाड थर घातला. वरचे बुजवलेले झरोके उघडले, त्यामुळे वारा एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं निघून जातो आणि मे महिन्यातही पंखा लावावा लागत नाही. दक्षिणेकडच्या उतारावर सोलरच्या पाट्या बसवल्या. भिंतीतले फळे तसेच ठेवले. शेळ्यामेंढ्यांसाठी कवायतीच्या मैदानाकडेला पत्र्याचा वाडा बांधला, त्याला गव्हाण केली, पावसाचं पाणी साठवायला टाकी केली. पोरांसाठी विंझरच्या शाळेची गाडी दारात येईल, अशी व्यवस्था लावली. तिला सगळं सुचलं होतं. फक्त दूध सुचलं नाही.

आणि ती शेगडी तिनं स्वतः निवडली होती, हे आणखी वाईट. तिच्या भोरच्या घराच्या वास्तुशांतीला तिनंच दूध उतू घातलं होतं, तोंडभर हसत, फोटो काढत. त्यानंतर त्याच बाईनं कंपनीच्या माणसासमोर बसून, 'उकळी ओळखणारं मॉडेल द्या, उतू जाऊन वाया जायला नको,' असं सांगितलं होतं. घरभरणी आणि शेगडी ह्या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीच्या अमृतला फोन लावला. सोलरचं आणि शेगड्यांचं सगळं काम त्यानंच केलं होतं.

"मॅडम, ते सेफ्टी फीचर आहे," अमृत म्हणाला.

"मला माहितीये ते काय आहे. एका दिवसासाठी बंद करता येईल का?"

"नाही येत. सील आहे आत. सील तुटलं की गॅरंटी जाते. आणि मॅडम, तुमचं ते मानांकनसुद्धा सगळ्या शेगड्या सीलबंद आहेत म्हणूनच बसतंय ना."

मानांकन! वीज वाचवणाऱ्या इमारतींना एक संस्था पितळी पाटी देते. जुन्या दगडी शाळेला अशी पाटी ह्या भागात कुणाला मिळालेली नव्हती. पाटी मिळाली असती तर प्रगतीला पुढचं कुठलंही दार ठोठावता आलं असतं. तिनं मनातल्या मनात ती दाराच्या डाव्या बाजूला, वडिलांच्या वेळच्या घंटेखाली लावूनही टाकली होती. तपासणीची माणसं येत्या सोमवारी यायची होती. तिनं त्या संस्थेलाही फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आपल्याला अन्न मुद्दाम उतू घालण्यासाठी सवलत हवी आहे का?" प्रगती हो म्हणाली. त्या म्हणाल्या, तशी तरतूद नाही, पण आपण अर्ज करू शकता, पुढच्या बैठकीत ठेवू. पुढची बैठक दिवाळीनंतर होती.

मग तिनं स्वतःच हात मारून पाहिला. अरुंद तोंडाचं भांडं आणलं. पातेलं काठोकाठ भरलं. दुधात चमचा ठेवला, चमचा काढला. शेगडी सुरू करून लगेच बंद केली, पुन्हा सुरू केली, म्हटलं फसेल. ती काही फसली नाही. दर वेळी दूध काठापर्यंत यायचं आणि शेगडी किणकिणायची. त्या आवाजाचा तिला इतका संताप आला की तिनं झाकण फेकून मारलं. ते फळ्याला लागलं आणि फळ्याचा टवका उडाला. विंझरच्या डेअरीवाल्यानं शेवटी विचारलं, "ताई, रोज एवढं दूध, पेढ्याचा धंदा काढताय का काय?"

शेवटी ती वस्तीवर गेली. चढ उभा आणि ऊन डोक्यावर. म्हादूच्या घरामागं आली तेव्हा तिला आधी कड्याची भेग दिसली. मार्चमध्ये त्या भेगेत म्हादूनं, भेग वाढली तर कळावं म्हणून, एक लाकडी पाचर ठोकून बसवली होती. ती पाचर आता भेगेतून निसटून खाली गवतात पडली होती. भेगेत तिचा हात कोपरापर्यंत आत गेला.

धोंडाबाई अंगणात लोकर निवडत बसल्या होत्या. वस्तीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. शाळेत राहायला यायला सगळ्यांना त्यांनीच तयार केलं होतं, आणि आता त्याच अडून बसल्या होत्या.

"आजी, मी गॅसची शेगडी आणते," प्रगती म्हणाली. "व्हरांड्यात ठेवू. तिच्यावर मस्त उतू घालू दूध. मग तर झालं?"

"आन् भाकरी कशावर करायची?"

"ती आतल्या शेगडीवर."

"मंग दूध बी तिच्यावरच गेलं पायजे. जिच्यावर जन्मभर शिजवायचं तिला नको व्हय ईचारायला? लगीन एकीशी आन् हळद दुसरीला, असं कुठं असतंय का?"

"आजी, ते यंत्र आहे. त्याला काही कळत नाही."

"कळत कसं न्हाई? तीनदा दूध वर आलं. तीनदा माघारी धाडलं त्येनं. समद्यांनी बघितलं." म्हातारीनं लोकरीतला काटा काढून बाजूला टाकला. "गुरुजींची पोर हायस तू. तू लई राबलीस, मला ठावं हाय. पण ज्या घरानं न्हाई म्हनलं त्या घरात म्या लेकरं घेऊन जायाची न्हाई. काय वाईट झालं तर पाच घरं माझ्या तोंडाकडं बघतील."

प्रगतीच्या डोळ्यांपुढं ती गवतातली पाचर होती. दोन वर्षांचा सगळा राग, तहसीलचा, संस्थेचा, शेगडीचा, तिच्या जिभेवर येऊन बसला.

"मग बसा इथंच! तुमच्या त्या वाटीभर दुधापायी उद्या कडा खाली येईल आणि सगळी गाडली जाल, लेकरांसकट!"

बोलली आणि तिला कळलं काय बोलली ते. चुलीपुढं बसलेली म्हादूची बायको उठून आत गेली, पोरांना घेऊन. धोंडाबाईंनी मान वर केली नाही. भरल्या घराच्या अंगणात उभं राहून असं बोलायचं नसतं. वाघदऱ्यात जन्मलेल्या पोरीला हे कुणी शिकवायला नको.

म्हादू तिला उतारापर्यंत सोडायला आला. भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. "ताई, आता येऊ नगा कायी दिस," तो खाली बघत म्हणाला. "आई न्हाई बोलायची तुमच्याशी."

"म्हादू, ती पाचर पडलीय."

"बघितली म्या."

"मग तू तरी बायको-पोरांना घेऊन खाली ये."

"आईला टाकून?" म्हादूनं विचारलं.

खाली येताना ती वाटेत एका दगडावर बसून रडली. त्या रडण्यात शरम होती, भीती होती, पण सगळ्यात जास्त होती ती चीड. तिनं काय मागितलं होतं? सहा घरांतली माणसं पावसाळ्यात कोरड्या, भक्कम भिंतींच्या आत झोपावीत, एवढंच. त्यासाठी तिनं साहेबांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आणि हे सगळं अडलं कशावर, तर दुधाच्या दोन बोटं उंचीवर. वर ती अशी शहाणी, की म्हातारीला धीर द्यायचा सोडून शाप देऊन आली.

सकाळी उठून तिनं अमृतला बोलावून घेतलं. तो मोटरसायकलवरून आला, हत्यारांची पिशवी घेऊन, आणि तिचं म्हणणं ऐकून पिशवी उघडायलाच तयार होईना.

"मॅडम, सोमवारी तपासणी आहे. पहिली गोष्ट ते सीलच बघणार. सहाच्या सहा तुटलेली दिसली तर पाटीचा विषय संपला. दोन वर्षं घातलीत तुम्ही."

"मला तोंडपाठ आहे ते सगळं."

"पाटी घ्या, मग तोडू की. चार दिवसांचा तर प्रश्न."

हा विचार तिनंही केला होता. रात्रभर केला होता. पण काल संध्याकाळी वस्तीवरून निरोप आला होता की कड्यावरून दोन धोंडे सुटून म्हादूच्या गोठ्याच्या भिंतीत घुसले. शेळ्या बाहेर होत्या म्हणून वाचल्या. चार दिवस हे फार होते.

"तू नको तोडूस," ती म्हणाली. "तुझी नोकरी आहे. मला फक्त कुठला स्क्रू ते दाखव आणि बाहेर जाऊन चहा पी."

अमृत बाहेर गेला. तिनं सहा घरांत फिरून सहा शेगड्या उलट्या केल्या आणि आतल्या सेन्सरच्या तारा उपसून काढल्या. प्रत्येक सील तुटताना कागदाला भोक पडावं तसा छोटासा आवाज होत होता. शेवटची करून झाली तेव्हा ती दाराच्या डाव्या बाजूला, घंटेखालच्या मोकळ्या दगडाकडं बघायचं टाळून पटांगणात आली.

मग वस्तीवर गेली. येऊ नका म्हटलेलं असूनही गेली. अंगणात शिरली आणि आधी धोंडाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "चुकले, आजी. जीभ घसरली माझी. शेगडी दुरुस्त केलीय. एकदाच या. आज नाही गेलं उतू तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

म्हातारीनं गोठ्याच्या फुटक्या भिंतीकडं पाहिलं. दगड अजून तिथंच पडलेले होते, गाईएवढे.

"एकडाव येते," ती म्हणाली. "पर ह्यो शेवटचा. पुन्यांदा न्हाई म्हनलं तर मंग भैरवनाथ बघून घील आमचं काय ते."

दुपारी सगळे आले. ह्या वेळी कुणी नवे कपडे घातले नव्हते. म्हादूनं येताना हातात चार भांडी आणि देवांचं गाठोडं घेतलं होतं, पण ते त्यानं उंबऱ्याबाहेरच ठेवलं. लापशी केलीच नव्हती, प्रगतीची हिंमत झाली नव्हती. खोलीत पुन्हा तीच गर्दी झाली. धोंडाबाईंनी शेगडीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. प्रगतीनं घरून आणलेलं पितळी पातेलं काढलं. मग तिच्या लक्षात आलं की पितळेचं ह्या इंडक्शनच्या शेगडीवर चालत नाही. तिनं कपाळ बडवून घेतलं, आणि स्टीलचं घेतलं. दूध ओतलं. बटण दाबलं.

खोलीत बाहेरच्या कावळ्याचा आवाज येत होता. शेगडी घुमत होती. दुधावर साय धरली, सायीला सुरकुत्या पडल्या. कडेनं बुडबुडे आले. प्रगती शेगडीला खेटून उभी होती. साय फुगली, ताणली, वर उचलली गेली. काठाला लागली. शेगडी किणकिणली नाही. दूध काठाच्या वर आलं, पांढरंशुभ्र, गोल, आता सांडणार...

आणि प्रगतीनं वाकून जोरात फुंकर मारली, एका हातानं ओढणीचं टोक धरून पातेलं खाडकन उचललं, दुसऱ्या हातानं बटण बंद केलं.

कुणाला काही कळेना. सगळ्यात कमी कळलं ते प्रगतीला. ती हातात गरम पातेलं धरून उभी होती. दुधाचा एक थेंब बाहेर सांडला नव्हता. हे तिनं केलं नव्हतं, तिच्या हातांनी केलं होतं. लहानपणापासून आईनं 'दुधाकडं बघ गं' म्हणून चुलीपुढं बसवलेल्या हातांनी. चटका जाणवला तेव्हा तिनं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. संपलं. दोन वर्षं संपली, सहा घरं संपली, आणि ती तिनं, स्वतःच्या फुंकरीनं घालवली. तिला वर बघवेना.

शेजारी कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मग पुन्हा केलं. तो खोकला नव्हता. धोंडाबाई हसत होत्या. दात नसलेलं तोंड उघडून, ओट्याचा आधार घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. म्हादूची बायको घाबरून त्यांच्या पाठीवर हात फिरवायला लागली.

"आगं," म्हातारीला बोलता येईना, "आगं, म्या बी उचलायला हात पुढं केला व्हता! माझ्या आदी तू पोचलीस!"

बायकांत खसखस पिकली. एकीनं कबूल केलं की तिनंही बसल्या जागी फुंकर मारली होती. "म्या बी," दुसरी म्हणाली.

धोंडाबाईंनी डोळे पुसले आणि शेगडीकडं वाकून पाहिलं, जवळून, एखाद्या नव्या सुनेचं तोंड बघावं तसं. "म्हंजी त्या दिसाला ही बया ह्येच करत व्हती व्हय? दूध उतू जातंय म्हून धावत व्हती?"

"हो," प्रगती म्हणाली. "हो आजी. तेच करत होती."

"मंग ती न्हाई कुठं म्हनली? ती तर दूध राखत व्हती. घरातल्या बाईवानी." म्हातारीनं सगळ्यांकडं वळून जाहीर केलं, "घर न्हाई म्हनलंच नव्हतं. आपलीच समजूत झाली तशी." मग पातेलं स्वतःच्या हातानं शेगडीवर सरकवलं. "लाव पुन्यांदा. आन् ह्या पोरीचं हात धरा कुणीतरी."

दोघींनी खरोखरच प्रगतीचे हात धरले. दूध वर आलं, काठावरून ओसंडलं, काचेवर पसरलं, ओट्यावरून फरशीवर टपटपलं, आणि जळक्या दुधाचा वास त्या तिसरीच्या वर्गात भरला. बाहेर कुणीतरी 'भैरवनाथाच्या नावानं' म्हणून ओरडलं आणि सगळ्यांनी 'चांगभलं' म्हटलं. म्हादूनं देवांचं गाठोडं उचललं आणि उंबरा ओलांडला. बाकीची पाच घरं आपापल्या दारांकडं धावली, पोरं सगळ्यांच्या पुढं.

प्रगती भिंतीला टेकून खाली बसली. बोटं भाजली होती. पण मनात एक प्रश्न वळवळत होता, तो विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"आजी, म्हणजे त्या दिवशी मी फक्त एवढंच सांगितलं असतं, की ही शेगडी दूध उतू जाऊ देत नाही, जपते त्याला, तर तुम्ही राहिला असतात?"

"राहिलो असतो की. तू सांगितलंस कुठं? तू लोड लोड करत व्हतीस." धोंडाबाई खाली बसून फरशीवरचं दूध फडक्यानं टिपायला लागल्या. किती सांडलं ते बघून त्यांनी चुकचुक केलं, मग शेगडीवर हात ठेवून नातवाच्या नव्या बायकोकडं तिरक्या नजरेनं पाहिलं. नातसून दारात मोबाईलवर फोटो काढत होती.

"आता एक काम कर," त्या प्रगतीला म्हणाल्या. "तू काय काढलंस ना हिच्यातनं, त्ये परत बसीव. सहाच्या सहा. आमच्या सुनांचं ध्यान समदं त्या मोबाईलात. दूध राखणारं कुणीतरी पायजे घरात."

सहा तुटकी सीलं प्रगतीच्या पर्समध्ये होती, सोमवारी तपासणी होती, आणि ह्या बाईला सेन्सर हवा होता. तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही, कारण बाहेर कुणीतरी पहिली शेळी नव्या वाड्यात ओढत होतं आणि शेळी बें बें करत होती. ती उठली आणि अमृत स्क्रू-ड्रायव्हर कुठं टाकून गेला ते शोधायला लागली.